चळवळ गावात, निर्णय विधानभवनात

शक्तिपीठ महामार्गाच्या विरोधाला सरकारने कोणत्या महिन्यात किती किंमत दिली, हे एकदा तारखा लावून पाहावे. वर्ध्याजवळच्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवीपर्यंत, मूळ आखणीनुसार बारा जिल्ह्यांतून जाणारा हा सुमारे ८०२ किलोमीटरचा रस्ता. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत शेतकऱ्यांचा रोष दिसला आणि निकालानंतर भूसंपादन थांबवण्याची भाषा सुरू झाली. विधानसभेची निवडणूक तोंडावर आली तेव्हा, ऑक्टोबरमध्ये, कोल्हापूर जिल्ह्यापुरती अधिसूचना रद्द करण्यात आली. नोव्हेंबरात मतदान झाले, महायुतीला प्रचंड बहुमत मिळाले आणि जून २०२५ मध्ये नव्या मंत्रिमंडळाने याच महामार्गाच्या आखणीसाठी आणि भूसंपादनासाठी वीस हजार कोटींहून अधिक रक्कम मंजूर केली. हा रस्ता हवा की नको, यावर मतभेद असू शकतात. पण शेतकरी तेच होते, जमिनी त्याच होत्या, हरकतीही त्याच होत्या. मधल्या काळात फक्त मतदानाचा दिवस येऊन गेला होता. मतदानाच्या दिवसापर्यंतच ज्याची धास्ती वाटते असा विरोध दुसऱ्या दिवसापासून सरकारच्या लेखी उरत नाही, आणि महाराष्ट्रातल्या बहुतेक लोकचळवळींचे सध्याचे दुखणे हेच आहे.

आपल्याकडे चळवळींची वाण नाही. आशा कार्यकर्त्यांपासून वनहक्काच्या दाव्यांसाठी चालत येणाऱ्या आदिवासींपर्यंत, झाडे वाचवायला रात्री रस्त्यावर उतरणाऱ्या मुंबईकरांपासून विशेष जनसुरक्षा विधेयकावर हरकती पाठवणाऱ्या हजारो नागरिकांपर्यंत माणसे उभी राहतात, त्रास सोसतात. मात्र ही माणसे ज्या दोन ठिकाणी उभी असतात त्यांच्या मधली जागा मोकळी आहे. एका टोकाला गाव, ग्रामसभा, वस्ती. दुसऱ्या टोकाला आझाद मैदान, उच्च न्यायालय, दिल्ली. या दोहोंच्या मध्ये विधानसभेचा मतदारसंघ असतो आणि तिथे पक्षाच्या कार्यालयाखेरीज वर्षभर चालणारे लोकांचे कोणतेही संघटन नसते. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये, पोलीस, सार्वजनिक सुव्यवस्था, जमीन, पाणी, स्थानिक स्वराज्य संस्था हे सगळे राज्य सूचीत आहेत. वने १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने समवर्ती सूचीत गेली, तरी जमिनीवरचा वनविभाग राज्याचाच. म्हणजे दवाखान्यात डॉक्टर असेल का, डोंगराच्या पोटात खाण होईल का आणि मोर्चा काढला तर कोणते कलम लागेल, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मुख्यतः २८८ आमदारांच्या सभागृहात ठरतात. लोकांचे संघटन त्या सभागृहाच्या मापाने बांधले जात नाही, तोवर गावातली जीत गावातच राहील आणि मुंबईतला मोर्चा घोषणा ऐकून परत जाईल.

आरोग्याचे उदाहरण घेऊ, कारण तिथे हे सर्वांत स्पष्ट दिसते. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून २००७ पासून महाराष्ट्रात लोकाधारित देखरेख आणि नियोजनाची प्रक्रिया सुरू झाली. पुण्याची ‘साथी’ संस्था तिची राज्य पातळीवरची समन्वयक होती, आणि सुरुवात अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत झाली. गावातल्या लोकांनीच उपकेंद्राची, प्राथमिक आरोग्य केंद्राची पाहणी करायची, सेवांना गुण द्यायचे, ते तक्त्यावर मांडायचे आणि मग जनसुनवाईत वैद्यकीय अधिकाऱ्यांसमोर उभे राहून प्रश्न विचारायचे, अशी ती पद्धत. ज्या देशात सरकारी दवाखान्यात गरिबाने वर मान करून बोलायचे नाही असा अलिखित नियम आहे, तिथे ही मोठी गोष्ट होती. बाहेरून औषधे आणायला लावणे, फुकट असलेल्या सेवेचे पैसे मागणे, नर्सचे मुक्कामी न राहणे असे प्रश्न अशा सुनावण्यांत चव्हाट्यावर आले, आणि जे तालुक्यात सुटण्यासारखे होते ते पुष्कळदा तालुक्यातच सुटले. मात्र रिक्त पदे तालुक्यात भरली जात नाहीत, औषधांची खरेदी तालुक्यात होत नाही आणि आरोग्याला किती पैसा द्यायचा हे तर जिल्ह्यातही ठरत नाही. शिवाय ही देखरेख ज्या सरकारवर ठेवायची, त्याच यंत्रणेच्या निधीवर आणि मंजुरीवर ती उभी होती.

नांदेडच्या शासकीय रुग्णालयात ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावले, त्यांत बारा नवजात बालके होती. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. औषधांचा तुटवडा, मनुष्यबळाची कमतरता, खरेदीचा घोळ यांवर चर्चा झाली. हाफकिन महामंडळाकडची औषधखरेदी काढून घेऊन नवे प्राधिकरण उभारण्याचा कायदा त्याच वर्षी झाला होता आणि जुनी व्यवस्था गेली, नवी पुरती उभी नाही, अशा मधल्या काळात रुग्णालये चालत होती. हा निर्णय विधिमंडळातला. अशा वेळी नांदेडमधल्या एखाद्या जनसुनवाईने अधिष्ठात्याला कितीही धारेवर धरले, तरी त्याच्या हातात नसलेली गोष्ट तो कुठून देणार? २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांनी २०२० पर्यंत अर्थसंकल्पाच्या आठ टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्यावर खर्च करावी असे म्हटले होते. महाराष्ट्र त्याच्या जवळपासही नाही. या आठ टक्क्यांबद्दल आपल्या आमदाराला जाहीर सभेत, उत्तर मिळेपर्यंत, दरवर्षी प्रश्न विचारणारी समिती राज्यातल्या किती मतदारसंघांत आहे? समिती नसेल तर उत्तर देण्याची गरज त्याला का वाटावी?

असे संघटन महाराष्ट्रासारख्या मोठ्या राज्यात बांधता येत नाही, असे म्हणणाऱ्यांनी आशा कार्यकर्त्यांकडे पाहावे. राज्यात त्या सुमारे सत्तर हजार आहेत. २८८ ने भागले तर एका मतदारसंघात साधारण दोनशे चाळीस, आणि प्रत्येकीला हजारेक लोकसंख्येची घरे, तिथली बाळंतपणे, तिथले क्षयरोगी माहीत. ऑक्टोबर २०२३ पासून त्यांनी दोन टप्प्यांत संप केला, आझाद मैदानात थंडीत ठिय्या दिला. मार्च २०२४ मध्ये लोकसभेची आचारसंहिता लागायला दोन दिवस उरले असताना दरमहा पाच हजार रुपयांच्या वाढीचा शासन निर्णय निघाला. निवडणुकीचा मुहूर्त इथेही होता. पण हा निर्णय शक्तिपीठाच्या अधिसूचनेसारखा नंतर फिरला नाही. यामागे पैशाची आणि प्रशासनाची इतरही कारणे असतील, तरी एक फरक उघड आहे. या बायका मतदान झाल्यावरही त्याच गावात, त्याच नोंदवह्या घेऊन, त्याच युनियनच्या सभासद म्हणून फिरत होत्या. त्यांच्याशी केलेला करार मोडला तर लसीकरण थांबते आणि ते प्रत्येक मतदारसंघात एकाच वेळी थांबते. संघटनेची ताकद गर्दीच्या आकड्याइतकीच तिच्या पसाऱ्यावर असते, आणि हा पसारा वर्षभर टिकतो. आशांनी आपल्या मानधनापलीकडचा सगळा आरोग्याचा लढा खांद्यावर घ्यावा, असे मी म्हणत नाही. त्यांच्यावर आधीच पुष्कळ ओझे आहे. त्यांनी दाखवलेले गणित इतरांना वापरता येईल, एवढेच म्हणायचे आहे.

हवामानबदल हा शब्द ऐकला की अजूनही अनेकांना तो परदेशातल्या परिषदांचा विषय वाटतो. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला भर उन्हात भरलेल्या महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात उष्माघाताने चौदा माणसे गेली. तो राज्य सरकारचा कार्यक्रम होता. माळीणमध्ये ३० जुलै २०१४ रोजी दरडीखाली १५१ जण गाडले गेले. त्यानंतर २०२१ मध्ये तळिये, २०२३ मध्ये इर्शाळवाडी. पश्चिम घाटाबद्दल माधव गाडगीळ समितीने २०११ मध्ये अहवाल दिला, कस्तुरीरंगन समितीने २०१३ मध्ये त्याहून सौम्य अहवाल दिला, आणि त्या सौम्य अहवालावरची पर्यावरण संवेदनशील क्षेत्राची अधिसूचनाही केंद्राने पुन्हा पुन्हा मसुद्याच्याच रूपात काढली. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ चा. महाराष्ट्राचे त्यात १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र आहे. दहा वर्षे मसुद्यावर मसुदे निघत राहिले, कारण राज्य सरकारे हरकती घेत राहिली. राज्य सरकारांच्या हरकतींमागे आमदार असतात, आमदारांच्या मागे खाण, क्रशर, जमीन यांचे हितसंबंध असतात, आणि शेतकऱ्यांची खरी भीतीही असते की आपल्याला घर बांधायलाही परवानगी लागेल. या भीतीचे निरसन करणारे कुणी गावोगाव फिरले नाही. अहवाल विद्वानांनी लिहिला, बाजू कार्यकर्त्यांनी वर्तमानपत्रांतून मांडली, पण पाटण, भोर, महाड, संगमेश्वर अशा मतदारसंघांत किंवा तालुक्यांत बसून शेतकऱ्याशी दोन-दोन वर्षे बोलण्याचे काम फारसे झाले नाही. ते काम विरोधकांनी केले, आणि त्यांनी सांगितले तेच लोकांना खरे वाटले. गाडगीळांनी तर निर्णय ग्रामसभांनी घ्यावा असे सुचवले होते! लोकांनाच अधिकार देणारा अहवाल लोकांच्या विरोधातला ठरावा, याहून संघटनेच्या अभावाचा मोठा पुरावा कोणता हवा?

गोव्यात चित्र वेगळे घडले, तेही पाहण्यासारखे आहे. ‘प्रादेशिक आराखडा २०११’ ऑगस्ट २००६ मध्ये अधिसूचित झाला. शेतजमिनी, डोंगरउतार, खाजणे यांवर बांधकामाचा मार्ग त्याने मोकळा केला होता. वास्तुरचनाकार, शेतकरी, चर्चमधली माणसे, गावागावांतले शिक्षक एकत्र आले, गोवा बचाव अभियान उभे राहिले आणि काही महिन्यांत, जून २००७ च्या विधानसभा निवडणुकीआधीच, सरकारने तो आराखडा मागे घेतला. त्याच वर्षअखेर विशेष आर्थिक क्षेत्रांबाबतही माघार घ्यावी लागली, आणि ही दुसरी माघार निवडणुकीनंतरची होती. यावर नेहमीचा आक्षेप असा की गोवा लहान आहे. आक्षेप खरा आहे आणि तो आकड्यांत मांडला तर उपयोगीही आहे. गोव्यात चाळीस मतदारसंघ आणि एकेकात तीसेक हजार मतदार. तिथे तीन-चार ग्रामसभा खवळल्या की आमदाराची झोप उडते. महाराष्ट्रात ९ कोटी ७० लाख मतदार, म्हणजे मतदारसंघागणिक तीन लाख तीस-चाळीस हजार. इथे एका गावाचा ठराव आमदाराच्या गणितात एका टक्क्याइतकाही भरत नाही. म्हणूनच आपल्याकडे गावपातळीवरचे संघटन पुरेसे ठरत नाही, ते मतदारसंघाच्या आकाराचे लागते. आणि गोव्यातही संघटन सैल पडल्यावर काय झाले हे विसरू नये. आराखड्यातून जे जमले नाही, ते २०२३ मध्ये नगर नियोजन कायद्यात १७(२) हे कलम घालून, एकेका भूखंडाचा वापर बदलून होऊ लागले, आणि लोकांना पुन्हा न्यायालयाची पायरी चढावी लागली.

नागरी स्वातंत्र्याच्या प्रश्नाला बहुतेकजण आरोग्य आणि पर्यावरणाहून वेगळा, शहरी बुद्धिजीवींचा विषय समजतात. प्रत्यक्षात बाकीचे सगळे लढे त्याच्या जमिनीवर उभे आहेत. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक जुलै २०२४ मध्ये आले, पुढे संयुक्त समितीकडे गेले. समितीकडे बारा हजारांहून अधिक सूचना आणि हरकती पोहोचल्या. समितीने उद्देशात ‘कडव्या डाव्या’ संघटनांचा उल्लेख आणला, सल्लागार मंडळाच्या रचनेत आणि तपास अधिकाऱ्याच्या दर्जाबाबत बदल केले. सरकारची बाजू अशी की शहरांत पाय पसरणाऱ्या माओवादी संघटनांवर विद्यमान कायदे अपुरे पडतात, इतर राज्यांत असे कायदे आहेत आणि हा कायदा व्यक्तीविरुद्ध नसून संघटनांविरुद्ध आहे. गडचिरोलीत पोलिसांनी आणि आदिवासींनी जे भोगले ते पाहता या बाजूला हलके लेखता येणार नाही. तरीही यूएपीए आणि मकोका असताना आणखी एका कायद्याची गरज का, याचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही. आणि बेकायदेशीर कृत्याच्या व्याख्येत प्रस्थापित कायदा व संस्थांच्या अवज्ञेला उत्तेजन देणेही येत असेल, तर मिठाच्या सत्याग्रहापासून आशांच्या संपापर्यंत काय काय त्यात बसवता येईल याची धास्ती वाटणे स्वाभाविक आहे. मला ती वाटते. संघटनांवरच रोख असल्याने तर ती अधिकच वाटते, कारण एकट्या आजारी माणसाला दवाखान्यात डॉक्टर आणता येत नाही, त्यासाठी संघटनाच लागते.

१० जुलै २०२५ रोजी विधानसभेने हे विधेयक आवाजी मतदानाने मंजूर केले. विरोधी पक्षांच्या सदस्यांनी शंका मांडल्या, सूचना केल्या. स्पष्ट विरोध नोंदवणारे मात्र एकटेच होते, डहाणूचे माकपचे आमदार विनोद निकोले. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला, पण तोवर वेळ निघून गेली होती. बारा हजार हरकती आणि सभागृहात एक विरोध! हे प्रमाण असे का पडले? हरकती ईमेलने, टपालाने मुंबईत एका पत्त्यावर गेल्या. त्या राज्यभरातून आल्या, पण कोणत्याही एका आमदाराच्या दारात त्या हिशेब मागायला उभ्या राहिल्या नाहीत. याउलट डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात १९४५ च्या वारली उठावापासून, गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या काळापासून, किसान सभेचे काम अखंड चालू आहे. वेठीविरुद्ध सुरू झालेले ते संघटन पुढे वनजमिनीचे, रेशनचे, रोजगार हमीचे, आता वाढवण बंदराचे प्रश्न हाती घेत आले. २०१४ मध्ये तिथे भाजपचा उमेदवार निवडून आला होता. पराभव झाला म्हणून संघटना मोडली नाही, आणि २०१९ व २०२४ मध्ये जागा माकपला परत मिळाली. त्या पक्षाचे विचार मान्य असण्याची इथे गरज नाही. माओवादी आणि माकप यांच्यातला फरक सगळ्यांना ठाऊक आहे असेही नाही, त्यामुळे त्या पक्षाला या विधेयकाची भीती अधिक वाटणार, हेही उघड आहे. मुद्दा एवढाच की सभागृहात एकट्याने उभे राहण्याचे बळ आमदाराला भाषणकौशल्यातून येत नाही, मागे उभ्या असलेल्या आणि उद्याही उभ्या राहणाऱ्या माणसांमुळे येते. ती माणसे आणखी पन्नास मतदारसंघांत असती, त्यांचा पक्ष कोणताही असता, तर त्या दिवशीची चर्चा वेगळी झाली असती.

चळवळींतली अनेक जुनीजाणती माणसे मतदारसंघाच्या मापाने संघटन बांधण्याला हरकत घेतील, आणि त्यांचा अनुभव दुर्लक्षावा असा नाही. निवडणुकीच्या राजकारणाजवळ गेले की चळवळ बाटते, कार्यकर्ते उमेदवारीकडे डोळे लावतात, पक्ष नेता पळवतात आणि संघटना फुटते, असे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. पण दूर राहून पावित्र्य राखणाऱ्या चळवळींनाही याच राजकारणाने गाठले. दारूबंदीचेच पाहा. बंदी योग्य की अयोग्य यावर वाद आहेत. इथे प्रश्न टिकण्याचा आहे. गडचिरोलीत १९९३ मध्ये लोकांच्या आंदोलनातून बंदी झाली. शेजारच्या चंद्रपुरात महिलांच्या मोठ्या लढ्यानंतर २०१५ मध्ये झाली आणि २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने ती उठवली. गडचिरोलीत मात्र ती उठवण्याची चर्चा झाली तेव्हा शेकडो गावांनी बंदी राखण्याचे ठराव केले, उमेदवारांकडून जाहीर वचने घेतली गेली, आणि ती राहिली. तिथे कुणी पक्ष काढला नाही, कुणाला पाठिंबा दिला नाही. उमेदवाराच्या पक्षाशी देणेघेणे न ठेवता त्याच्या भूमिकेचा हिशेब ठेवणे शक्य आहे, याचा हा पुरावा आपल्याच राज्यातला आहे.

दुसरी हरकत मतदाराबद्दलची. लोक जात पाहून, पैसे घेऊन मत देतात, दवाखान्यावर कोण मत देतो, असे शहाणी माणसेही बोलतात. ‘लाडकी बहीण’चे पंधराशे रुपये २०२४ मध्ये निर्णायक ठरले, तेव्हापासून तर हे वाक्य फारच ऐकू येते. मला या वाक्यात मतदाराचा अपमान दिसतो. पंधराशे रुपये खात्यात आलेले दिसतात, कुणी दिले ते कळते, नाही आले तर कुणाला विचारायचे तेही कळते. आरोग्य केंद्रातल्या रिकाम्या पदाबाबत यांतले काहीच कळत नाही. ते पद कधीपासून रिकामे आहे, भरण्याचा प्रस्ताव कोणत्या टेबलावर आहे, आपल्या आमदाराने त्यावर तारांकित प्रश्न विचारला का, यांतली कोणतीच गोष्ट सामान्य बाईपर्यंत पोहोचत नाही. जे दिसते त्यावर माणूस मत देतो, यात मूर्खपणा नाही. न दिसणारे दिसते करणे हे संघटनेचे काम, आणि ते प्रचाराच्या पंधरा दिवसांत होत नाही. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत एका आघाडीने एकवीसशे रुपये, दुसरीने तीन हजार रुपये आणि पंचवीस लाखांचा आरोग्य विमा कबूल केला. त्या विम्याचे कार्ड घेऊन माणूस ज्या रुग्णालयात जाणार, तिथे डॉक्टर आहे का हे विचारायला कुणी नव्हते.

तिसरी हरकत लोकशाहीच्याच नावाने येते: तुम्हाला कुणी निवडून दिले? निवडून आलेल्याला जाब विचारणारे तुम्ही कोण? जाब विचारणारा निर्णय घेत नाही, निर्णयाचा हिशेब मागतो, एवढे उत्तर खरे तर पुरावे. त्यात आणखी एक भर घालावीशी वाटते. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली आणि निवडणूक झाली ती १५ जानेवारी २०२६ रोजी. राज्यातल्या किती तरी महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषदा वर्षानुवर्षे प्रशासकांच्या हाती होत्या. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये बजावल्यावर हालचाल झाली. पाणी, कचरा, दवाखाने, झाडे या सगळ्यांबाबत विचारायला लोकप्रतिनिधीच नव्हता आणि नागरिकांना ते चालवून घ्यावे लागले. निवडून आलेल्यांनीच बोलावे असा आग्रह धरणाऱ्यांना त्या चार वर्षांत फारशी अस्वस्थता जाणवल्याचे दिसले नाही.

सर्वांत जड हरकत राजस्थानकडे बोट दाखवते. तिथे मजदूर किसान शक्ती संघटन आणि तिच्या सोबतच्या संघटनांनी माहितीच्या अधिकारापासून जे काम उभे केले, त्याचा देशाला लाभ झाला. त्यांनी राज्य सरकारवर सातत्याने दबाव ठेवला आणि २०२३ या एका वर्षात आरोग्याचा हक्क, गिग कामगारांचे संरक्षण, किमान उत्पन्नाची हमी असे तीन कायदे झाले. आरोग्य हक्काच्या कायद्याविरुद्ध खासगी डॉक्टर संपावर गेले, सरकारने तडजोड केली, आणि नियम तयार होण्याआधीच डिसेंबरमध्ये ते सरकार निवडणुकीत हरले. नवे सरकार आल्यावर तो कायदा पुस्तकात राहिला. मग राज्य पातळीवरच्या संघटनेतून काय साधले? ही हरकत मला पटते, पण निष्कर्ष उलटा निघतो. तिथल्या संघटना जयपूरमध्ये सरकारशी बोलण्याइतक्या समर्थ होत्या, पण दोनशे मतदारसंघांत दोन्ही पक्षांच्या उमेदवारांना या कायद्यांबद्दल बांधून घेण्याइतक्या पसरलेल्या नव्हत्या. एका सरकारशी सख्य जमवून मिळवलेला कायदा त्या सरकारबरोबर जातो. विरोधी बाकांवरच्या पक्षाकडूनही तोच कायदा वदवून घेता येईल इतका पाया खाली रुंद असेल, तेव्हाच तो सरकार बदलल्यावर जगतो.

हे काम करायचे म्हणजे नेमके काय? प्रत्येक मतदारसंघात आरोग्य केंद्रांची रिक्त पदे, दरडप्रवण वाड्यांचे पुनर्वसन, उन्हाळ्यातल्या उष्माघाताच्या नोंदी, आंदोलकांवर दाखल झालेले गुन्हे यांची एकच नोंदवही ठेवणारी, पक्षांशी अंतर राखणारी समिती. तिच्यात दवाखान्याच्या प्रश्नावर काम करणारे, जमिनीसाठी लढणारे आणि वकील असे एकत्र बसले पाहिजेत. सध्या ते एकमेकांच्या सभेलाही जात नाहीत. अधिवेशनाआधी आमदाराला जाहीर सभेला बोलावून कोणते प्रश्न विचारणार ते ठरवून घ्यायचे, अधिवेशनानंतर परत बोलावून काय उत्तर आले ते ऐकायचे. मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या आश्वासनांचा पाठपुरावा करायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते. तिच्यासमोर आपल्या मतदारसंघातली कोणती आश्वासने प्रलंबित आहेत हे विचारायला कोणीही नागरिक आमदाराला पत्र लिहू शकतो. पण एका पत्राचे उत्तर येत नाही, तीनशे गावांतून एकाच आठवड्यात गेलेल्या पत्रांचे येते. पुढच्या जनगणनेनंतर मतदारसंघांची फेररचना झाली तर हद्दी बदलतील, म्हणून समितीची मुळे आरोग्य केंद्राच्या कार्यक्षेत्रात आणि जिल्हा परिषदेच्या गटात ठेवावीत; वरचा सांगाडा नव्या हद्दींप्रमाणे पुन्हा जुळवता येईल. नागपूरचे हिवाळी अधिवेशन डिसेंबरात असते. त्याआधी नोव्हेंबरात पहिली सभा घ्यायची तर गावांच्या याद्या पावसाळ्यातच हाती लागायला हव्यात.